बरखेड्याचं पँथिऑन

दुपारच्या नैवेद्याची पाळी त्या दिवशी सुरुचीची होती. काम साधंच. मोदकांचा डबा, दूर्वांची जुडी आणि कडेवर रेवती, एवढं घेऊन क्वार्टरपासून सामुदायिक भवनाच्या मैदानापर्यंत चालत जायचं, बाप्पापुढे डबा ठेवायचा, परत यायचं. तरी निघताना तिने गॅस दोनदा पाहिला, कुलूप ओढून पाहिलं, आणि अर्ध्या वाटेत सारणात गूळ घातला होता की नाही याची तिला शंका आली. शंका हा तुझा जोडधंदा आहे, असं शैलेंद्र म्हणायचा.

एक शंका मात्र ती नवऱ्यापुढेही बोलत नसे. रेवती अडीच वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती. कान तपासून झाले, ठीक निघाले. थेरपी चालू होती. "बोलेल गं, शैलेंद्रसुद्धा उशिराच बोलला," असं सासूबाई फोनवर सांगायच्या. सुरुचीला वाटायचं, आपणच दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, म्हणून झालं हे. आणि असं वाटून झालं की ती मोबाइल उघडून 'मूल बोलत नाही, कारणे' शोधत बसायची.

मैदानावर यंदा रोम उभं होतं. मराठी मंडळाचे अध्यक्ष भालचंद्रकाका निवृत्तीनंतर युरोप टूर करून आले होते, आणि त्याचं फळ सगळ्या बरखेडा कॉलनीला मिळालं होतं. पोरांना कोलोसियम हवं होतं. "तिथे माणसं मारायचे रे गधड्यांनो, तिथे बसवता बाप्पाला?" काका कडाडले. कोणीतरी ट्रेव्हीचं कारंजं सुचवलं. काका म्हणाले, "डेंग्यू." मग पँथिऑन ठरलं. जवळजवळ दोन हजार वर्षांचं, सर्व देवांचं देऊळ. खिडकी एकही नाही, घुमटाच्या माथ्यावर फक्त एक मोठं गोल भोक. पाऊस आला तर बाप्पा भिजेल, म्हणून त्या भोकावरून मीटिंगमध्ये भांडण झालं. काकांनी भोक सोडलं नाही. मूर्ती तेवढी भिंतीशी सरकवली.

भिंतीत सगळीकडून कोनाडे होते. मूळ देवळात तिथे कोणते देव होते ते काकांना आठवेना, म्हणून ते रिकामेच राहिले. पण प्रतिष्ठापनेच्या दिवशी काका रंगात आले. गुरुजींना म्हणाले, "सर्व देवांचं घर आहे हे. सगळ्यांना बोलवा!" आणि स्वतः फिरून त्यांनी प्रत्येक कोनाड्यात अक्षता टाकल्या. सुरुचीने त्याचा फोटोही काढला होता. छान आला होता.

आज ती आत शिरली तेव्हा मांडवात कोणी नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं. कापड, थर्माकोल आणि बांबूच्या त्या डेऱ्यात खरं तर घामाच्या धारा लागायला हव्या होत्या. पण आत गार होतं. वास यायला हवा होता रंगाचा आणि उदबत्तीचा. येत होता भिजलेल्या दगडाचा. वरच्या भोकातून उतरलेला उन्हाचा गोल पलीकडच्या भिंतीवर, एका कोनाड्याच्या काठाशी टेकला होता.

तिने डबा ठेवला, हात जोडले. तेवढ्यात रेवती कडेवरून घसरली आणि थेट त्या कोनाड्याकडे धावली. सुरुची मागे गेली, तिला उचललं, छातीशी धरलं. काय झालं कोण जाणे, पण जे बोलायला ती इथवर आली होती ते तिथेच, पुटपुटत, बोलून गेली.

"हिला बोलू दे. मग तू मागशील ते देईन."

बोलली, आणि मग लक्षात आलं. बाप्पा पाठीमागे होता. समोर होता रिकामा कोनाडा.

वा, सुरुचीबाई. नवससुद्धा धड करता येऊ नये! चला, वळून पुन्हा म्हणू या, असा विचार ती करत होती, तोच कडेवरून आवाज आला.

"हो."

स्पष्ट. बोबडा नाही, अर्धवट नाही. कोणी काही विचारावं आणि जरा विचार करून उत्तर द्यावं, तसा.

सुरुचीने तिचे पटापट मुके घेतले, रडली, हसली. आणि डोळे पुसता पुसता जोडधंदा सुरू झाला. पहिला शब्द 'आई' नाही, 'बाबा' नाही... 'हो'? कोणाला हो?

कोणीतरी मागे दडून चेष्टा करत असणार. ती तरातरा मांडवाच्या पाठीमागे गेली. तंबूवाल्याकडचा पोरगा, प्रकाश, दोऱ्यांच्या ढिगावर आडवा झाला होता.

"पीछे कौन है?"

"कोई नहीं, भाभीजी. बल्ली है, कपड़ा है, और मैं हूँ."

"तुमने कुछ बोला अभी?"

"मैं तो सो रहा था, सच्ची."

तिने बांबूच्या बल्ल्यांमधून डोकावून पाहिलं. त्या बाजूला मांडवाचं कापड भवनाच्या पक्क्या भिंतीला चिकटून होतं. मध्ये हातही गेला नसता. आणि आतून तर त्या कोनाड्यात एक माणूस सहज उभा राहिला असता. भूमिती आपली शाळेपासून कच्ची, असं मनाला सांगत ती घरी आली.

"म्हणजे नवस पावला की!" शैलेंद्र नाचायचाच बाकी होता.

"पावला, पण कोण?"

"सुरुची, पोरगी बोलली. आता यातही शंका?"

मग शब्द येतच राहिले. आई. पाणी. चांदोबा. थेरपीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. फक्त प्रत्येक शब्दाआधी रेवती किंचित मान कलती करून थांबायची, शाळेत कोणी मागच्या बाकावरून उत्तर सांगावं आणि ते ऐकावं, तशी. हे कोणालाच दिसत नव्हतं. किंवा सुरुचीलाच नको ते दिसत होतं. दोन्ही शक्य होतं.

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली. गुरुजींनी मूर्ती जागेवरून जराशी हलवली. आता देव निघाला, उरली ती माती. सुरुचीने काकांना बाजूला गाठलं.

"काका, कोनाड्यातल्यांचं काय?"

"तिथे कोण आहे, बाळ?"

"अक्षता टाकल्या होत्या ना तुम्ही. बोलावलं होतं. मग निरोप...?"

काका मोठ्याने हसले. हसता हसता त्यांची नजर पलीकडच्या कोनाड्याकडे गेली, आणि हसू मावळलं.

"मूर्तीच नाही," ते हळू आवाजात म्हणाले, "तर हलवायचं काय?"

दुसऱ्या दिवशी रोम ट्रकमध्ये चढून गेलं. मैदानात बल्ल्यांचे खड्डे उरले, त्यात पाणी साचलं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. बिट्टन मार्केटातून आणलेली मेथी निवडत सुरुची बैठकीत बसली होती. दुपार होती, पण आभाळ भरून आलं होतं, पडदे ओढलेले होते. गार वाटलं म्हणून तिने पंखा बंद करायला मान वर केली.

समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक गोल पडला होता.

ऊन नव्हतंच. तरी होता. आणि त्याच्यासमोर पाठमोरी रेवती उभी होती, मान कलती करून. भिजल्या दगडाचा वास आला. पोर बराच वेळ ऐकत राहिली... मग तिने मान डोलावली, वळली, आणि येऊन आईची ओढणी धरली.

"आई."

"काय गं राणी?"

"मागू?"

मेथीची जुडी सुरुचीच्या हातातून सुटली. ज्या तोंडातून एक शब्द यावा म्हणून तिने इतके दिवस देव पाण्यात घातले होते, त्या तोंडावर तिने तळहात दाबून धरला. घट्ट. तळव्याखाली इवलेसे ओठ मिटलेले होते. जराही हलत नव्हते. रेवतीचे डोळे मात्र भीतीने मोठे झाले होते, आईवर खिळले होते.

"आई..." तोच आवाज आला, तितकाच स्पष्ट, तितकाच जवळून.

"...मागू?"