डावा पुढचा पाय

लष्कराच्या घोड्यांना नाल ठोकायला शिकवणाऱ्या त्या शाळेत विद्यार्थ्यांचा हात आधी मेलेल्या घोड्यांच्या कापलेल्या पायांवर बसवत. मेलेला पाय लाथ मारत नाही, तक्रार करत नाही, सुट्टी मागत नाही. असे विद्यार्थी मिळाले असते तर शाळेचं सोनं झालं असतं, असं तिथले उस्ताद म्हणायचे.

उस्तादांचा भाचा याच शाळेत दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला की घरी, आणि घरी ताई, म्हणजे उस्तादांची थोरली बहीण. तिला काय तोंड दाखवायचं, हा उस्तादांचा घोर. घोडेस्वारी शिकवणारे मास्तर चहाला बसले की हटकून विचारत, भाचेबुवांसाठी लाकडी घोड्यांची वेगळी शाखा काढायची का?

आणि एकाएकी भाच्याचा हात सुधारला. उस्तादांना आनंद व्हायला हवा होता. झाला संशय.

त्यांनी भाच्याचा सरावाचा पाय निरखून पाहिला. डावा पुढचा, काळ्या खुराचा. कालच कानशीने सपाट केलेली कड आज पुन्हा वाढलेली. बाकीच्या पायांना दोन दिवसांत दुर्गंधी सुटे. याला मात्र नुकत्याच धावून आलेल्या घोड्याचा घामट वास. म्हणजे पोरगा कुणाशी तरी संधान बांधून रोज ताजा पाय आणतोय. उस्तादांनी केस संपून खूर सुरू होतो तिथे तापल्या सळईने बारीक ठिपका दिला, सरावाच्या शेडला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

खूर नखासारखा वरून खाली वाढतो. तो ठिपका तळाशी पोचायला घोड्याला वर्षभर जगावं लागतं.

सकाळी ठिपका अर्ध्यावर आला होता.

मास्तरांनीच चेष्टा केली असणार, असं ठरवून उस्तादांनी आडून आडून चौकशी केली. मास्तर म्हणाले, जिवंत घोडे छळायला पुरेसे आहेत, मेलेल्यांच्या नादी कोण लागतो?

मग उस्ताद भाच्यावरच नजर ठेवून राहिले. तो लोखंडी शिकंज्यातून पाय सोडवी, खांद्याच्या उंचीवर रिकाम्या हवेत थोपटी, वाके आणि खूर गुडघ्यांत धरी. हातोडा उचलून थांबे.

"कोणाची वाट बघतोस?"

"अंग टाकतोय तो माझ्यावर," भाचा म्हणाला. "जरा सावरू दे त्याला."

परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. बोभाटा करावा तर भाचा घरी. गप्प बसावं तर लष्कराच्या घोड्यांचे पाय असल्या येड्याच्या हाती. भर दुपारी उस्तादांनी भाच्यासमोर तो पाय शिकंज्यात आवळला. हा निर्जीव आहे, हे कुणाला तरी दाखवून देणं भाग होतं. त्यांनी खिळा तिरपा धरला आणि सरळ आतल्या मांसाकडे ठोकला. जाणता नालबंद हे स्वप्नातही करत नाही.

पाय हलला नाही. रक्त नाही. काहीच नाही.

"बघ," उस्ताद म्हणाले. "मेलेला आहे."

भाच्याचा चेहरा उतरला होता. शेडमध्ये तो त्यांना नेहमी उस्ताद म्हणे.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही असं करायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी अंगणात पलटणीत जाणारे घोडे रांगेने बांधले होते. परीक्षकसाहेबांनी भाच्याला सांगितलं, हवा तो घोडा घे. भाचा जागचा हलला नाही. म्हणाला, आज कोणी पाय देणार नाही.

मास्तर हसले. परीक्षकसाहेबांनी उस्तादांकडे पाहिलं. "काय उस्ताद, नापास धरू?"

उस्ताद रांगेकडे बघत होते.

उभ्या उभ्या आराम करताना घोडा मागचा पाय सैल सोडतो. पुढचा कधीच नाही. पुढचा सोडला, म्हणजे तो दुखतोय.

या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाने डावा पुढचा पाय अधांतरी धरला होता. खुराचं टोक तेवढं जमिनीला.

अगदी कडेला एक शिंगरू होतं. कालच आणलेलं, खुराला अजून लोखंड न लागलेलं.

त्याचाही.