रांगोळीवरचा पिवळा ठिपका

"आज त्या मांजराचे कानच उपटते!" समीक्षा अंगणात थयथयाट करत होती.

शीतल तोंडातला ब्रश तसाच ठेवून बाहेर धावली. समीक्षानं, तिच्या धाकट्या बहिणीनं, काल दिवेलागणीला दोन तास खपून काढलेल्या कमळावर, बरोबर डावीकडच्या पाकळीवर, पिवळट ओला डाग पडला होता. धनत्रयोदशीला डाग, काल नरकचतुर्दशीला डाग आणि आज ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळीही डाग!

"मांजर तेल पीतही नाही आणि ओकतही नाही," ओट्यावरून आकाश म्हणाला. आकाश म्हणजे तिचा चुलतभाऊ, शेजारच्याच दारात राहणाऱ्या मोतीलालकाकांचा मुलगा. अंगण दोन्ही घरांचं एकच. तो शीतलपेक्षा एका वर्षानं मोठा, आणि ते तिला दिवसातून दहा वेळा ऐकवणारा.

शीतलनं खाली वाकून डागाला बोट लावलं. तेलकट, पण दिव्यातल्या तेलासारखं नाही. नखानं खरवडलं तर फरशीचा लाल रंगच फुगून सुटून आला!

"हे साधं तेल नाही रे! रंग खातंय हे!"

आता या अंगणाचा एक कायदा होता आणि तो आजीनं, म्हणजे द्रौपदाबाईंनी घातला होता. सणाच्या दिवसांत रांगोळीला चाक लागता कामा नये! त्यामुळे असोदा ते जळगाव फेऱ्या मारून काका रात्री परत आले, की आपली 'पवनदूत' बनावटीची व्हॅन अशी बेतानं उभी करायचे, की रांगोळी पुढच्या दोन चाकांच्या मधोमध यायची. सकाळी सहाला व्हॅन गेली, की रांगोळी जशीच्या तशी. आणि तिच्यावर डाग.

"म्हणजे डाग वरून पडतो," शीतल म्हणाली, "व्हॅनमधून!"

त्या संध्याकाळी तिघांनी व्हॅनखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला. पाडव्याच्या सकाळी पुठ्ठ्यावर पाच थेंब होते. सगळे एकाच जागी, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला.

पुठ्ठा घेऊन वरात काकांकडे निघाली. तिथं चुडामण मिस्त्री चहा पीत बसला होता.

"ब्रेकऑइल हाये ते," त्यानं पुठ्ठ्याकडे धड पाहिलंही नाही. "कमी झालतं, मी टाकलं. गाडी जुनी झाली का तेल पेतेच."

"पण ब्रेकचं तेल तर बंद नळीत असतं!" शीतल म्हणाली. "आम्हाला शाळेत आहे ते. बंद नळीतलं तेल कमी होतंच कसं?"

"घ्या मोतीलालभाऊ! आता पोरी शिकवतीन मले गाडी!" चुडामण खो खो हसला. काकाही हसले. शीतलचे कान तापले. हसायला काय झालं? तिनं प्रश्न विचारला होता, विनोद सांगितला नव्हता!

"जा, खेळा," काका म्हणाले. "परवा सकाळी सातला अकरा बायका मनुदेवीला न्यायच्यात. मला गाडी धुवायचीय."

मनुदेवी! सातपुड्याच्या पायथ्याचा तो चढउताराचा रस्ता. त्या अकरा बायकांत आजी होती, आई होती, काकू होती. आणि गाडी हाकणार काका. 

दुपारी आत्याकडे फराळाचे डबे पोचवायला शीतल आणि आकाश सायकलींवर नशिराबादला गेले. चौकात एक पांढरी पवनदूत उभी होती. आकाशनं करकचून ब्रेक दाबला.

"शीतल, खाली बघ!"

पुढच्या डाव्या चाकामागे, धुळीत, रुपयाएवढा ओला डाग!

"हो ना बाबा," त्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "दसऱ्यापासून आमच्या मिस्त्रीनं चारदा तेल टाकलं. जुनी झाली, दुसरं काय!"

 दोन गाड्या, दोन गावं, दोन मिस्त्री. आणि आजार मात्र एकच, तोही एकाच जागी? ही काही म्हातारपणाची खोड नव्हती. गाडी जन्माला आली तेव्हाच कुठंतरी चूक झाली होती!

व्हॅनच्या काचेवर कंपनीचा फोन नंबर होता. घरी येताच शीतलनं आईचा मोबाइल घेतला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. तक्रारीसाठी पाच दाबा. दाबलं. मग तब्बल अकरा मिनिटं बासरी! बासरीनंतर फोन कटला. पुन्हा तीन, पुन्हा पाच, पुन्हा बासरी.

"ही बासरी ज्यानं वाजवली ना, त्याला मी एकदा भेटणार आहे!" शीतल दात खात म्हणाली.

शेवटी एक बाई बोलल्या. त्यांना चॅसिस नंबर हवा होता, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा स्वतःचा नंबर. तो ड्रायव्हरच्या सीटखाली असतो म्हणे. काकांनी नेमका तिथंच नवाकोरा लाल गालिचा चिकटवला होता! समीक्षा सगळ्यात बारकी, म्हणून ती आत घुसली. गालिच्याचा कोपरा उचलून, नाकाला ग्रीस लावून घेऊन तिनं सतरा अक्षरं-आकडे ओरडून सांगितले.

"हो, या गाडीबद्दल एक सुरक्षा सूचना आहे," बाई म्हणाल्या. शीतलनं मोबाइल कानाशी घट्ट दाबला. "पण तपशील फक्त नोंदणी असलेल्या मालकालाच सांगता येतो. मालकांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

तिघं काकांकडे धावले. काकांच्या मोबाइलवर काहीच आलं नव्हतं.

"माझ्यावर कसा येईल?" काका डोकं खाजवत म्हणाले. "गाडी अजून धुळ्याच्या अभिमन नानांच्या नावावर आहे. घेऊन वर्ष झालं, पण नावावर करायचं राहूनच गेलं. करू की! घाई काय?"

आकाशनं कपाळावर हात मारून घेतला. नानांचा जुना नंबर लावला तर तो बंद! कंपनीच्या बाई म्हणत होत्या, मालक आणा. मालक म्हणत होता, मी मालक नाहीच. आणि गाडी बापडी ठिबकत होती.

"पत्ता?" शीतलनं विचारलं.

गाडीच्या कागदावर पत्ता होता. देवपूर, धुळे.

शीतलचे डोळे लकाकले. देवपुरात तिचा मामा राहतो आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती!

सकाळच्या एसटीनं आई, शीतल, समीक्षा आणि हट्ट करून बरोबर आलेला आकाश धुळ्याला पोचले. मामाला ओवाळून झाल्याबरोबर तिघं पत्ता विचारत निघाले. पहिल्या गल्लीत अभिमन नावाचे दोन जण निघाले. एक शिंपी, एक पेन्शनर आणि दोघांनीही आयुष्यात कधी व्हॅन घेतली नव्हती. शेवटी नदीकडच्या गल्लीत एका ओट्यावर शेंगा सोलत बसलेले आजोबा सापडले.

"पवनदूत? हा, मन्हीच व्हती," नाना म्हणाले. "पन ती तं मी मोतीलालभाऊले इकी टाकी! आते काय शे?"

"नाना, कंपनीचं काही पत्र आलं होतं का तुम्हाला?"

"कागद? मी कोनताच कागद फेकस नई!" नाना अभिमानानं उठले. "या, बठ्ठा कागद आठेच शेतस."

त्यांनी बोट दाखवलं त्या खुंटीला एक लांब तार लोंबत होती आणि तिच्यावर वीतभर जाड कागदांची चवड टोचलेली होती. वीजबिलं, लग्नपत्रिका, पाणीपट्टी, औषधांच्या चिठ्ठ्या. आलेला कागद तारेत टोचायचा. वाचायचं वगैरे काही नाही!

तिघांनी तार खाली उतरवली आणि भराभर कागद सरकवायला सुरुवात केली. आकाशच्या हाताला पहिलं पत्र लागलं. मग दुसरं. मग तिसरं! तिन्ही बंद पाकिटं, तिन्हींच्या पोटातून आरपार भोक.

शीतलनं एक पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, "अत्यंत महत्त्वाची सुरक्षा सूचना. आपल्या वाहनाच्या पुढील डाव्या चाकामागे ब्रेकची नळी एका पट्टीला घासत असल्याचे आढळले आहे. नळीला भोक पडल्यास ब्रेक अचानक निकामी होऊ शकतात. कृपया वाहन चालवणे थांबवून आम्हाला कळवा. दुरुस्ती विनामूल्य केली जाईल."

खाली तोच सतरा अक्षरांचा नंबर होता. तारीख होती यंदाच्याच पावसाळ्यातली.

नानांच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "गाडी इकी टाकी, मंग कंपनीना कागद कसाले वाचू, आसं वाटनं मले," ते हळूच म्हणाले. "तीन डाव चिठ्ठी उनी व माय! तीन डाव!"

नानांनी तिथूनच कंपनीला आपला नवा नंबर कळवला. मग त्यांनी मोतीलालकाकांना फोन लावला. त्यांचं बोलणं स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं.

"हो हो नाना, दाखवतो ना! उद्याची मनुदेवी झाली, की लगेच दाखवतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उद्याची झाली की! शीतलला वाटलं, ओरडावं, काहीतरी फोडावं. पत्र हातात होतं, मालक सापडला होता, कंपनी स्वतः सांगत होती आणि तरी पालथ्या घड्यावर पाणीच!

संध्याकाळी घरी आल्यावर आईनंही सांगून पाहिलं. "भाऊजी, एकदा दाखवून घ्या ना."

"वहिनी, परवाच चुडामणनं ब्रेक पाहिलेत. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

शेवटी शीतल आजीकडे गेली. आजी प्रसादाचे लाडू बांधत होती. "देवीच्या वाटंवर कायले अपशकुनी बोलतं व?" ती करवादली. "जाय, झोप."

शीतल झोपली नाही. पांघरुणात रडली मात्र भरपूर. रडता रडता एकदम उठून बसली आणि तिनं समीक्षाला हलवलं.

"समे, उद्या पहाटे तुला आजवरची सगळ्यात मोठी रांगोळी काढायचीय!"

सात वाजता अकरा बायका डबे, पिशव्या आणि ओटीची ताटं घेऊन अंगणात आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. व्हॅनच्या चारी बाजूंनी रांगोळी होती! पुढं कमळं, मागं मोर, दोन्ही बाजूंना वेली आणि प्रत्येक चाकाच्या पुढं-मागं लक्ष्मीची पावलं. व्हॅनखालीसुद्धा पांढरी रांगोळी पसरलेली. हात, गाल, केस रंगवून घेतलेली तीन भुतं शेजारी उभी होती.

"हा काय चावटपणा?" काका गरजले आणि किल्ली काढून दाराकडे वळले.

"मोत्या!" आजीचा आवाज त्याच्याहून मोठा निघाला. "लक्ष्मीच्या पावलांवरून गाडी घालशीन? माह्या जित्तेपणी?"

"आई, अगं उशीर होतोय! पुसून टाकतो."

"हात तं लाव त्या रांगोयीले!"

काका हात चोळत राहिले. आपल्याच आईच्या कायद्यात सापडले होते बिचारे! हीच वेळ होती. शीतल पुढं झाली.

"काका, आम्ही स्वतः रांगोळी पुसू. फक्त एक करा. गाडी हलवू नका. जागेवर बसून वीस वेळा ब्रेक दाबून दाखवा."

"वीस कशाला, पन्नास दाबतो!" काका रांगोळी ओलांडून टुणकन आत बसले.

समीक्षा पोटावर आडवी होऊन व्हॅनखाली बघू लागली. एक. दोन. तीन. बायका कुजबुजत होत्या, कुणीतरी हसलंही. सात. आठ. शीतल समीक्षाकडे वाकून बघत होती. काहीच झालं नाही तर? नऊ. दहा. अकरा.

बाराव्या वेळी काकांचा पाय धपकन तळाला गेला.

"आली! धार आली!" समीक्षा किंचाळली.

डाव्या चाकामागून पिवळं तेल चळाचळा गळत होतं आणि पांढऱ्याशुभ्र पावलावर पसरत होतं. काकांनी पुन्हा पाय दाबला. पुन्हा दाबला. पायाखाली नुसती पोकळी होती. ते खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा त्या रांगोळीइतका पांढरा पडला होता.

 आकाशनं खिशातून भोक पडलेलं पत्र काढलं आणि वडिलांच्या हातात दिलं.  "बाबा, आता तरी वाचा!"

काकांनी उभ्या उभ्या पत्र वाचलं. मग त्या अकरा बायकांकडे बघितलं. मग मटकन ओट्यावर बसले.

"मनुदेवीच्या उतारावर असतो, तर..."  त्यांनी आकाशला जवळ ओढलं, मग शीतलला, मग रंगानं बरबटलेल्या समीक्षाला. "पोरांनो, माझंच चुकलं. तुम्ही सांगत होतात आणि मी हसत होतो."

दुपारी कंपनीची मोठी गाडी आली आणि व्हॅन पाठीवर घालून घेऊन गेली. नळी बदलली, पट्टी बदलली, पैसा लागला नाही. आकाशनं सायकल दामटून नशिराबादच्या ड्रायव्हरलाही गाठलं आणि त्याचीही गाडी त्याच दिवशी थांबली. चुडामण मिस्त्री येऊन कान धरून गेला. आता कुठल्याही गाडीचं तेल कमी झालं, की तो आधी वाकून खाली बघतो, म्हणे! नानांचं वेगळंच सुरू झालं. ते आता आलेला प्रत्येक कागद वाचतात आणि फोन करून शीतललाही वाचून दाखवतात, अगदी पाणीपट्टीसुद्धा.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काका आरटीओतून आले आणि नावावर केल्याची पावती त्यांनी आधी पोरांना दाखवली. संध्याकाळी त्या अकराही बायका अंगणात जमल्या होत्या. आजीनं तिघांना पाटावर बसवून ओवाळलं.

"आम्ही बायांनी देवीले जाची तयारी केल्ती," ती म्हणाली, "पन देवी आधीच अंगनात रांगोयी काढत बसेल व्हती. मले मेलीले दिसली नाही!" आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॅन गेल्यावर समीक्षा धावत अंगणात आली. शीतल ब्रश तोंडात धरून तिच्या मागोमाग. दोघींनी गुडघे टेकून कमळाची एकेक पाकळी तपासली.

रांगोळी कोरडी ठणठणीत होती.

"चला," समीक्षा म्हणाली, "मांजराचे कान वाचले!"