मीठ पिऊन वाढलेला दोडका

ओट्यावर थुंकलेली कैरीची फोड. तिच्यावर माशीसुद्धा बसत नाही.

*

पुंडलिककाकांच्या परसातला दुधी. पाणी दिवसातून दोनदा. तरी मान खालीच.

*

"यंदाचं मीठ पाहा वो! कसं पांढरंशुभ्र आलं!"

*

भैयालालमामांची तंबाखूची चंची. तिच्यात चुन्याची डबी असायला हवी. नाही.

*

ताराची जीभ. बाहेर काढलेली. जिभेच्या टोकावर माती.

*

"चला रे, मरोद्याच्या तलावावर!"

हा आवाज विजयचा होता. शनिवार होता, मे महिना संपत आला होता आणि सुट्टी मात्र अजून बरीच उरली होती. विजय तेरा वर्षांचा. कानावर पेन्सिल आणि खिशात वही. मागे त्याची दहा वर्षांची बहीण तारा, हातात चेंडू.

रंभा मागच्या दारात बसली होती. ती उठली नाही.

"मी नाही येत. तुम्ही जा."

"क्यों? पोहण्याची भीती वाटते?" विजयनं चिडवलं.

"माझी माय आठ दिवसांपासून नळावर गेली नाही," रंभा म्हणाली. "पाणी मीच भरते. तिला बायकांसमोर जायचंच नाही."

तारानं चेंडू खाली ठेवला. कारण गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

क्वार्टरांच्या त्या रांगेत अकरा घरं होती. कुणी भंडाऱ्याहून आलेलं, कुणी गोंदियाहून, कुणी तिरोड्याहून. पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि माणसं येत होती. सोबत पाटे, वरवंटे, बरण्या येत होत्या. दर उन्हाळ्यात कुम्हारीहून कैऱ्यांची गाडी यायची आणि अकरा घरांचं लोणचं एकाच दिवशी एकत्र पडायचं. फोडी सगळ्याजणी करायच्या. मीठ मात्र एकटी गयाबाई लावायची. रंभाची आई. माप नाही, वजन नाही, फक्त मूठ. आणि चव घ्यायची तर मुळीच नाही! लोणचं उष्टं होतं ना! तीन वर्षांत तिचं लोणचं एकदाही बिघडलं नव्हतं.

यंदा बिघडलं. मीठ-हळद लावून तिसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर फोडी कडवट, जीभ चरचरणाऱ्या. सगळी कैरी खड्ड्यात पुरावी लागली. मग मनकर्णाकाकू नळावर सर्वांसमोर म्हणाल्या, "गयाबाईचा हात फिरला. पुढच्या रविवारी दुसरी गाडी येऊन राहिली, तिले मीठ मी लावीन."

"उद्या!" तारा म्हणाली.

घरातून गयाबाईचा आवाज आला, "रंभे, कावून बसली तिथं? जा ना खेळाले."

"तू नळावर ये, मग जातो!"

"मी नाही येत. माया हातालेच काहीतरी झालं. लोणचं झालं का आपण आजीच्या गावाले जाऊ. तिथंच शाळेत नाव घालीन तुहं."

रंभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तिनं ताराचा चेंडू उचलला आणि जोरात भिरकावला. चेंडू कुंपणाच्या कोपऱ्यात दोडक्याच्या वेलात जाऊन गडप झाला.

"आता शोध तूच!" तारा ओरडली. पण शोधायला गेली तीच. वेलात तिचा हात खांद्यापर्यंत बुडाला. "अगं रंभा, हा दोडका गेल्या आठवड्यात माझ्या गुडघ्याएवढा होता ना? आता भिंत ओलांडून पलीकडे चाललाय!"

खरंच. शेजारची चवळी तळहाताएवढी, पिवळसर. आणि हा एकटा दोडका काळाहिरवा, पानं ताटलीएवढी.

"तू काय घातलंस याला?"

"काही नाही. मायनं बिघडलेल्या बरण्या चार-चार पाण्यानं धुतल्या, ते धुवण इथं ओतलं. बस."

विजयनं कानावरची पेन्सिल काढली. मग ती हवेतच राहिली.

"मिठाचं पाणी?"

"हो."

"रंभा, मिठाच्या पाण्यानं वेल मरतो! आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी करून दाखवलंय."

"मग हा मेला कावून नाही?"

तिघं वेलाकडे बघत राहिले. विजयनं खिशातली वही काढली.

विजयची वही, पान सात:
*मीठ प्यायलेला दोडका जगला. का?*
*खाली, वेगळ्या अक्षरात (तारानं लिहिलेलं): आपला दुधी गोड पाणी पिऊन मरतोय. ते पण लिही.*

"ते काय मध्येच?" विजय खेकसला.

"मध्येच नाही! बाबा रोज दोन बादल्या घालतात. वरून खत घालतात. तरी दुधी मेला, भेंडी मेली, काल वांगी पण आडवी झाली!"

विजयनं बहिणीकडे पाहिलं. मग तिघंही एकदम धावत सुटले.

पुंडलिककाका म्हणजे विजय-ताराचे बाबा. कारखान्याच्या कचेरीत कारकून आणि गल्लीच्या परसबाग मंडळाचे चिटणीस. त्यांची बाग दर वर्षी पहिली यायची. आता ती बाग गेल्या वर्षीच्या केरसुणीसारखी दिसत होती. दुधीच्या बुंध्याशी पाणी वाळून गेलं होतं आणि मातीवर पांढरी खपली धरली होती.

रंभानं खपली नखानं उचलली. "हे काय असेल?"

"थांबा, नमुना घेऊ, कागदात बांधू, मग..." विजय म्हणेपर्यंत तारानं जीभ लावलीसुद्धा!

"शी! थुंक! खत आहे ते!"

"खत कुठलं!" तारा जीभ बाहेर काढून म्हणाली. "खायट! मीथ आहे मीथ!"

कुणीच हसलं नाही. बागेत मीठ. म्हणजे मग बरणीत...

"मिठाची आणि खताची गोणी कुणी आणली होती?" रंभानं हळूच विचारलं.

विजय खाली बघत म्हणाला, "बाबांनी. एकाच गाडीतून. मिठाची सगळ्यांच्या लोणच्यासाठी, खताची मंडळासाठी. खत पावसाळ्यात वाटायचंय, पण बाबा स्वतःच्या बागेला आत्ताच घालतात." तो थांबला. "पण बाबा कधी चुकत नाहीत."

"असं कोण म्हणतं?"

"बाबाच."

*

पुंडलिककाका पेपर वाचत होते.

"बाबा, गोण्यांची अदलाबदल झाली असेल का?"

"चिठ्ठी आहे गोणीवर. माझ्या अक्षरात. 'मीठ'. 'खत'."

"पण काका, दोडका..."

"रंभा, दोडक्याला वाचता येतं का? मला येतं!" काकांनी पेपर झटकला. "आणि कोठडीची किल्ली मागू नका. पोरांनी मंडळाच्या सामानाला हात लावायचा नाही. उद्या नऊ वाजता सर्वांसमोर गोणी उघडेन, तेव्हा बघा."

बाहेर येऊन विजय पायरीवर मटकन बसला. "संपलं. उद्या मनकर्णाकाकू तेच मीठ घालणार, अकरा घरांचं लोणचं परत बिघडणार."

"आणि मग त्यांचा हात फिरला म्हणतील," तारा म्हणाली. "मज्जा!"

"मज्जा नाही," रंभा म्हणाली. "माझी माय तोवर गेलेली असेल."

"उद्या कुणालातरी चव घ्यायला सांगू."

"लोणच्याच्या मिठाची? मारतील!" रंभा विचार करत होती. तिचे मामा भैयालाल कारखान्यात जिथं कोळसा भाजतात तिथं कामाला होते. त्या कोळशाच्या वायूतून हे पांढरं खत निघतं, हे त्यांनीच सांगितलं होतं. आणि आणखी एक गोष्ट. एकदा खताच्या हातानंच त्यांनी तंबाखू मळली होती...

रंभा ताडकन उठली. "तारा, माझे मामा दुपारी घोरतात ना?"

"भोंग्यापेक्षा मोठ्यानं!"

"मग चल."

*

रविवार. नऊ वाजले. कडुनिंबाखाली सतरंज्या, विळ्या, परातींत कैरीच्या फोडींचे ढीग. अकरा घरच्या बायका. गयाबाई नव्हती. नाही कशी? खिडकीच्या गजामागे तिचं अर्धं कपाळ दिसत होतं.

पुंडलिककाकांनी "मीठ" लिहिलेली गोणी आणली, सुतळी सोडली. पांढरेशुभ्र बारीक दाणे चकाकले. मनकर्णाकाकूंनी पदर खोचला.

"बाबा!" तारा मोठ्यानं म्हणाली. "हे मीठ तर खतासारखंच पांढरं दिसतं. मग तुम्ही कसं ओळखता हो?"

बायकांनी माना वळवल्या. काकांनी घसा साफ केला. कुणी काही विचारलं की त्यांना भाषण करायला आवडायचं, आणि हे ताराइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सोपं आहे! खताला ओला चुना लावून चोळलं की असा वास सुटतो की नाक धरून पळावं लागतं. मिठाला चुना लावा, काही होत नाही. हे शास्त्र आहे!"

"दाखवा ना!"

"चुना कुठाय इथं?"

विजयनं खिशातून डबी काढून पुढे धरली. गर्दीच्या मागून भैयालालमामा ओरडले, "अरे! माई डबी!"

काकांनी ऐटीत गोणीतली एक चिमूट तळहातावर घेतली. "उष्टं नाही, काही नाही. बघा हं, हे मीठ." बोटानं चुना लावला. "आता चोळतो." चोळलं. "आता वास घेतो. काही..."

काकांचा चष्मा नाकावरून उडाला! डोळ्यांतून घळाघळा पाणी! मनकर्णाकाकू पदर नाकाला लावून दोन पावलं मागे सरल्या. "अगं माय वो! म्हशीच्या गोठ्यावानी!"

"हा तं आमच्या खात्यातला वास!" मामा पुढे येत म्हणाले. "मीठ कायचं, खत होय थे!"

"आणि दुधीला घातलं ते मीठ!" तारा नाचत म्हणाली. "मी चाटलंय!"

 मग रंभानं दोडक्याचं सगळं सांगितलं, सावकाश, शेवटपर्यंत. विजयनं वहीतलं पान सात वाचलं. ताराची ओळ वगळायला गेला, तारानं वाचायला लावली.

पुंडलिककाका चष्मा पुसत राहिले. पुष्कळ वेळ पुसला. मग स्वतःच खिडकीपाशी गेले.

"वहिनी, चूक माझी. हात तुमचा नव्हता, चिठ्ठी माझी होती."

मनकर्णाकाकू त्यांच्या मागेच उभ्या होत्या. "गयाबाई, मी नळावर बोलली ना, तं इथं बी सगळ्यांसमोर बोलतो. मायी जीभ फिरली, तुहा हात नाही. ये वो. फोडी वाट पाहून राहिल्या."

गयाबाई बाहेर आली. डोळे लाल. कोठडीतून "खत" लिहिलेली गोणी आणली गेली. आत करडे, जाडे खडे. तिनं मूठ घातली आणि थांबली. मग एक खडा वेगळा काढला, सर्वांसमोर जिभेवर ठेवला.

"अगं! उष्टं!" कुणीतरी पुटपुटलं.

"एक खडा बाजूले काढला का बाकीचं उष्टं होत नाही," गयाबाई म्हणाली. "आतापासून असंच." आणि तिनं फोडींवर पहिली मूठ सोडली.

भैयालालमामा डबी खिशात घालत म्हणाले, "चोरी केली पोट्ट्यांनी, पण कामाची केली!" पुंडलिककाकांनी विजयच्या पाठीवर थाप मारली. "मंडळाला नवा चिटणीस लागेल. पण अक्षर सुधार!"

"आणि मी?" तारानं विचारलं.

"तू जीभ धू आधी!"

 रंभा मायच्या शेजारी परात धरून बसली होती. संध्याकाळी दोघी मिळून नळावर गेल्या. मरोद्याचा तलाव सोमवारी.

*

त्याच्या तीन आठवडे आधीचा रविवार, सात मे एकोणीसशे एकसष्ट, सकाळी साडेआठ. पुंडलिककाकांनी दोन सारख्या गोण्या भिंतीला टेकवल्या, चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्या लावणार तेवढ्यात गयाबाईनं खिडकीतून हाक मारली, "भाऊजी, चहा झाला."