मेलेल्यांच्या पेटीतली मेणबत्ती

देवाच्या घरात घडलेल्या गोष्टीबद्दल खोटं बोलायची माझी छाती नाही. हे खरं आहे. अक्षर न् अक्षर.

रुमानियातलं आमचं गाव. १९५२ चा फेब्रुवारी. रात्र नव्हती... चांगली उजाडलेली सकाळ होती.

माझ्या प्रोफिराताईचं लग्न अंगेलशी ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो गायब झाला. बाबा सांगायचे, सीमेपार पळाला. आता दुसऱ्याच एकाशी ताईचा साखरपुडा होता. उद्याच.

"अंगेल जिवंत असला तर मी दुसऱ्याची होणार नाही," ताई म्हणाली.

"लाव अजून मेणबत्त्या!" बाबा फिसकारले. "त्यानं नवरे परत आले असते, तर चर्चपुढं बायकांची रांग लागली असती."

आमच्या चर्चमध्ये वाळूच्या दोन पेट्या. एकीत जिवंतांसाठी मेणबत्ती लावायची, दुसरीत मेलेल्यांसाठी.

आत ताई, बाबा, मी आणि पाद्रीबाबा. ते गात होते. काय गळा होता! प्रवचनसुद्धा गाऊनच करायचे. मी तर देहभान विसरायची.

ताईनं जिवंतांच्या पेटीत अंगेलची मेणबत्ती लावली.

विझली.

दार बंद. वारा नाही.

पुन्हा लावली...

विझली.

तिसऱ्यांदा विझली, तसे पाद्रीबाबा गाता गाता थांबले. ते पलीकडं बघत होते.

मेलेल्यांची पेटी मघाशी रिकामी होती. आता तिच्यात एक अर्धी मेणबत्ती जळत होती.

"कुणी लावली ही?" त्यांनी विचारलं.



मग मागून बाबा ओरडले, "विझवली होती मी ती! पहाटे अंगेलसाठी लावली... कुणी बघेल म्हणून विझवून खिशात..."

त्यांनी खिसा चाचपला.

रिकामा.

ताई सावकाश वळली.

"बाबा, तो मेलाय हे तुम्हाला कसं ठाऊक?"



"पोलिसांना त्याचं नाव मीच दिलं गं. म्हणाले, सरकारविरुद्ध कोण बोलतं त्याचं नाव दे, नाहीतर जमीन जाईल. तुरुंगात महिनाभरसुद्धा नाही टिकला तो."

ते गुडघ्यांवर कोसळले. हात जोडले.

"माफ कर... पोरा."

पोरा?

ते ताईकडं बघतच नव्हते. तिच्या शेजारी बघत होते... जिथं कुणीच नव्हतं.

ताई रडली नाही. ती फक्त थोडी सरकली... कुणाला उभं राहायला जागा द्यावी तशी.

त्या जागेच्या पलीकडं मी होते.

माझ्या डाव्या बाहीला काहीतरी घासलं. गार. ओलं.

साखरपुडा झाला नाही. ताईनं पुढंही लग्न केलं नाही.

मी अजून दर रविवारी चर्चला जाते. पण भिंतीला डावा खांदा टेकवूनच उभी राहते.

त्या बाजूला जागा ठेवायची मला हिंमत होत नाही.