आधी पडणाऱ्या मुली

मिरजेच्या त्या पुनर्वसन केंद्रात कुठलंच मूल पडत नसे. कुबड्या आणि जाड गाद्या केव्हाच अडगळीत गेल्या होत्या. मेंदूज्वरातून उठलेली सहा वर्षांची गार्गी तिथे पुन्हा चालायला शिकत होती आणि काचेपलीकडे बसून तिची आई, वृषाली, तिच्या पावलांवरून नजर हलवत नव्हती.

न पडण्यामागे होती 'अग्रछाया'. मुलाच्या मेंदूची आणि शरीराची हुबेहूब प्रतिकृती संगणकात उतरवायची आणि मुलाने उद्या टाकायचं पाऊल आज तिला टाकायला लावायचं. अशा शेकडो प्रतिकृती एकदम चालत. बहुतेक पडत. जी तोल सावरेल तिची रीत तेवढी, डोक्यावरच्या हलक्या टोपीतून, मुलाच्या मेंदूला शिकवली जाई. संध्याकाळी सगळ्याच पुसून टाकत.

खाटेपासून भिंतीपर्यंत गार्गी झपाट्याने आली. मग गाडं अडलं. भिंतीवरचा हात काही सुटेना.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीमा मुजावर यांनी वृषालीला आत बोलावलं. "हे काहीतरी घरचं दिसतंय, ताई. तुम्हीच बघा."

पडद्यावर गार्गीच्याच चणीची आकृती भिंत सोडून दोन पावलं चालली, पडली, आणि उठलीच नाही. मान डावीकडे वळवून बसून राहिली.

"सगळ्या अशाच बसतात. तिकडे काय असेल? आम्ही तर ती बाजू रिकामी सोडलीय."

वृषालीला हसू फुटलं. "अहो डॉक्टर, एवढी यंत्रं मांडलीत आणि हे नाही कळलं? घरी त्या बाजूला स्वयंपाकघराचं दार आहे! पडली की माझी वाट बघते. मी येऊन 'अगंबाई, मुंगी मेली!' म्हटल्याशिवाय बाईसाहेब उठतच नाहीत."

"अय्या! आमची अम्मीपण हेच म्हणायची," डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आणि माझ्या डोक्यात आलं नाही बघा." त्यांनी माईक पुढे सरकवला. "म्हणा."

वृषाली म्हणाली. पडद्यावरच्या मुलीने दचकून खाली पाहिलं, बसल्या जागी सरकून मुंगी शोधली, आणि मग जमिनीला हात टेकून उठली. डॉक्टरांनी टाळीच वाजवली.

वृषालीचं हसू मात्र ओसरलं. "हिने मुंगी शोधली."

"हो."

"डॉक्टर, हिला लागतं का?"

"लागल्याचं मेंदूला कळतं. ते काढून टाकलं तर तोल सावरायला ती शिकतच नाही."

"म्हणजे लागतं."

डॉक्टरांनी माईक बंद केला.

"इतके दिवस या सगळ्या पडून माझी वाट बघत बसल्या. आणि मी बाहेर, मांडीवर डबा घेऊन."

"तुम्ही म्हणाल तर आत्ता बंद करते, ताई. पण या वयात मेंदू जे उचलतो ते पुढे उचलत नाही. मग गार्गीची भिंत सुटायची नाही."

काचेपलीकडून हाक आली, "आई, बघ ना! एकाच बोटाने धरलंय!"

वृषालीने तिच्याकडे पाहून हात हलवला. तो खाली घ्यायचंही तिला सुचलं नाही.

"चालू ठेवा," ती म्हणाली.

"तुमचा आवाज घेतलाय मी. तोच सगळ्यांना ऐकवते."

"तोच कसा? एकीची समजूत घातलेली दुसरीला कशी पुरेल? प्रत्येकीला निराळं म्हणते मी."

"एकाने काम भागतं, ताई."

"तुमचं भागतं."

ती माईकपुढे बसली. कुणाला हलकेच म्हणाली, कुणाला लटकं रागावून, कुणासाठी मधेच फुंकर घातली. डॉक्टरांनी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. दिवे लागेपर्यंत तिचं चालू होतं, आणि तरी सगळ्यांना ती पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी गार्गीने भिंत सोडली. सरळ चालत आली, जराही न डगमगता. नर्सबाई रडू लागल्या. वृषालीने लेकीला मिठीत घेतलं, शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तर नुसती हवाच बाहेर आली.

"आई, तुझा घसा बसलाय," गार्गी म्हणाली. "काल कुणाशी एवढं बोलत होतीस?"

वृषालीने तिचे गुडघे चाचपून पाहिले. गुळगुळीत होते. एक ओरखडा नाही.

"कुणाशीच नाही, बाळा."