घंटेला दिलेली दाद

सांगायलाच लावताय तर आधी नीट बसा आणि ते फोन खिशात घाला. जेवण झाल्यावर ह्या वयात मला ब्लॉकखालच्या दगडी बाकावर आणून बसवता, उद्या कंबर धरली तर तुमचा बाप चोळून देणार आहे का? वर प्रबोधने, म्हणजे माझ्याच मुलाने, ताकीद देऊन ठेवलीय, बाबा, ही गोष्ट तोंडातून काढायची नाही. चौथी शिकलेला माणूस मी, उभा जन्म बोटीवर स्वयंपाक केला. मला रंगवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो. रुचिर, तू मध्ये हसलास तर मी लिफ्ट धरून वर जाईन.

आपल्याच ब्लॉकमधला सारंग. नवव्या मजल्यावर राहतो, पुण्याचा, जहाजांच्या इंजिनांचा इंजिनिअर. गेल्या वर्षी गणपती उठले आणि कंपनीने त्याला कोरियात उल्सानच्या गोदीत धाडलं, एक इंजिन पाहून ये म्हणून. पोरांना शाळेची सुट्टी होती, तेव्हा बायको संजीवनी आणि पाच वर्षांची अवनी, दोघी बरोबर निघाल्या.

ह्या सारंगची एक खोड होती. त्याचे वडील पुण्यात गाण्याच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसणारे. गवई समेवर आला की सगळ्यांच्या आधी त्यांची "वा!" पोराने गाणं नाही उचललं, वा तेवढी उचलली. चहा जमला, वा. बस वेळेवर आली, वा. रात्री अवनीला निजवताना म्हणायचा, "गा." ती आपलं शाळेतलं, नाहीतर आईने शिकवलेलं काहीतरी गायची, आणि शेवटी ह्याची "वा!" त्याशिवाय पोर डोळे मिटत नसे.

गोदीतलं काम संपलं. तिथल्या चोई साहेबांचं जन्मगाव जवळच, ग्योंगजू. फार जुनं शहर, कोण्या काळची राजधानी. शनिवारी त्यांनी ह्या तिघांना आपल्या गाडीतून नेलं. बुद्धाचं मोठं देऊळ पाहिलं, दगडी जिन्यांचं, अंगणात दोन दगडी मनोरे. सारंग म्हणाला, वा. डोंगरावर गुहेत, काचेपलीकडे, भला थोरला दगडी बुद्ध बसलेला पाहिला. वा. मग गावात उतरले. तिथे घरादारांच्या मधोमध गवताच्या गोल टेकड्या, हिरव्यागार. अवनी धावत चढायला निघाली, तर चोई साहेबांनी तिचा हात धरला. टेकड्या नव्हत्याच त्या. राजांची थडगी. लोक मधून आइस्क्रीम खात हिंडत होते.

"वा!" सारंग म्हणाला.

चोई साहेब थबकले. "एक सांगू का? आमच्या भाषेत वा म्हणजे ये. लहान मुलाला बोलावताना म्हणतात. खूश झालो की आम्हीही वा म्हणतो, नाही असं नाही. पण इथे जपून."

"कोण येतोय? राजा?" सारंग हसला.

"नका हो," संजीवनी म्हणाली. "ते सांगतायत तर ऐका ना."

संध्याकाळी ते संग्रहालयात गेले. आवारात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिची दंतकथा चोई साहेबांनी सांगितली. ओतली तेव्हा घंटा वाजेना. पुन्हा वितळवली, तरी मुकी. शेवटी कोण्या गरीब बाईची लहान मुलगी त्या रसात दिली, तेव्हा वाजली. म्हणून तिच्या नादात मूल आईला हाका मारतं, असं जुनी माणसं म्हणतात. खरं-खोटं बुद्धाला माहीत. आता तिला टोल देत नाहीत, आवाज टेप करून ठेवलाय, तो थोड्याथोड्या वेळाने लावतात.

उजेड उतरला होता. आवाज लागला. एकच टोल, आणि मग नुसतं घुमणं… लाटेसारखं, जवळ येतंय, लांब जातंय. सारंग शेवटी बापाचाच मुलगा. डोळे मिटले, मान डोलली.

"वा… वा… वा."

आपल्यात भूत हाक मारतं आणि शहाणा माणूस ओ देत नाही. ह्या शहाण्याने हाक स्वतःच मारली. तीनदा.

चोई साहेबांच्या गाडीने परत निघाले. मागच्या सीटवर अवनी खिडकीशी अंग चोरून बसली होती. आई दुसऱ्या टोकाला. "मध्ये सरक की," संजीवनी म्हणाली, तर पोरीने नुसती मान हलवली.

मधली जागा मोकळी…

इथे यिशुनला, आपल्या ब्लॉकमध्ये परत आल्यावर अवनी अर्धा पाव ताटाच्या कडेला काढून ठेवायला लागली. बिछान्यात भिंतीकडे सरकून निजायला लागली. आणि फ्लॅटचं लोखंडी गेट. संध्याकाळी ऑफिसातून येऊन सारंगने कडीला हात घातला की चटका बसे. आपल्या कॉरिडॉरला ऊन कुठलं? एका रात्री त्याने अवनीला विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?"

इथल्या शाळेत जाणारी पोरं बोलतात तसं ती बोलली. "शी वॉन्ट हर मम्मी लाह." तिला तिची आई हवीय.

"ती कोण? कुठून आली?"

"यू कॉल हर व्हॉट, पप्पा." तूच तर बोलावलंस.

त्या रात्री सारंगने वा म्हटलं नाही. पोर उशिरापर्यंत जागी राहिली.

मग आली सर्वपित्री अमावास्या. रविवार होता. सारंगने दुपारी वडिलांचं पान वाढलं, घास कॉरिडॉरच्या कठड्यावर ठेवला. इथे पाखरांना घातलं तर दंड, म्हणून तोही चोरासारखा. कावळा फिरकला नाही. एक साळुंकी आली, गेटकडे बघितलं आणि न शिवता उडाली. त्याच रात्री चिनी लोकांचा भुतांचा महिनाही संपत होता. खाली, आत्ता आपण बसलोय ना, त्या बाजूला, पत्र्याच्या पिंपात कागद जाळत होते. त्यांची समजूत अशी की त्या रात्री तिकडचं दार लागतं. जो परतला तो परतला. उरला तो इथेच.

अवनीला तिन्हीसांजेला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, रात्री उतरला नाही तर हॉस्पिटल. उतरला नाही. कपाळावरची ओल्या फडक्याची घडी पाहता पाहता कोरडी होत होती. मध्यरात्रीच्या सुमारास संजीवनी म्हणाली, "टॅक्सी बोलवा." सारंगने फोन उचलला.

गेट वाजलं.

कडी तर लावलेली होती.

तो पॅसेजच्या तोंडाशी गेला. दिवा नव्हता. दाराशी कोणीतरी उभं होतं… अवनीएवढं. चेहरा दिसत नव्हता. फक्त तिच्यामागची भिंत हलत होती, तापल्या डांबरावरची हवा हलते तशी.

"जा," तो म्हणाला. "जा इथून… जा."

तिने मान हलवली. शहाणं मूल हलवतं तशी.

आणि आत आली. त्याच्या पायाजवळून. झळ लागली. खोलीत गेली, बिछान्यावर चढली. दिसत काही नव्हतं आता… पण अवनीशेजारी गादी खचली. उशी दबली.

मग श्वास. एक अवनीचा, धापा टाकत.

आणि दुसरा. संथ.

संजीवनीने पोरीला उचलायला हात घातला आणि ओढून घेतला. बोटं भाजली होती. "अहो…" एवढंच म्हणाली.

सारंगने चोई साहेबांना फोन लावला. ते झोपेतून उठले, पण कोण, काय, काही विचारलं नाही. जणू वाटच बघत होते.

"तिला काय म्हणालात?"

"जा म्हणालो. निघून जा."

"आमच्यात जा म्हणजे झोप."

"मग निघ कसं म्हणू? लवकर सांगा."

"गा."

बस, एवढंच. गा. रोज रात्री त्याच जागी उभं राहून तो जे म्हणायचा तेच. सारंग दाराशी आला. दोन श्वास चालू होते. आता त्यांची लय एक होत चालली होती. कोणता कोणाचा, कळेना.

"गा," तो म्हणाला.

एक श्वास थांबला.

"गा… बाळा, गा."

गादी वर आली. पावलं… हलकी, अनवाणी. पॅसेजमधून. दारापाशी थांबली.

आणि बिछान्यातून गाणं सुरू झालं. बारीक, तापातलं, शब्द गाळत. आईने शिकवलेलं अंगाईगीत. सारंगच्या डोळ्यांना धार लागली. पोर गात होती, म्हणजे पोर होती. गाणं संपत आलं, शेवटची ओळ झाली… आणि जन्माची खोड, ह्याचे ओठ उघडले. संजीवनीने झेप घेऊन त्याचं तोंड दाबलं. दोन्ही हातांनी. तसेच उभे राहिले दोघं.

दाराशी कोणीतरी वाट बघत होतं. वा, ह्या एका शब्दाची.

बराच वेळ…

मग गेट वाजलं.

सकाळी अवनीचा ताप उतरला होता. दूध मागितलं, बिस्किटं खाल्ली. सारंग दार उघडायला गेला, तर गेटच्या कुलपाशेजारच्या लोखंडी पट्टीवर एक पंजा उमटलेला. लहान मुलाचा. डाग नव्हे, खड्डा. मळलेल्या कणकेत हात दाबावा तसा, पाची बोटं, रेषासुद्धा. अवनी मागून आली, तिने हसत आपला हात त्यात ठेवला.

बरोबर बसला. कुठे जागा नाही, कुठे ताण नाही.

सारंगने तिचा हात ओढून घेतला. त्यानंतर तिला तिथे कोणी हात लावू दिलेला नाही. मीही विचारलं नाही, कोण गेली आणि कोण राहिली. असलं विचारत नसतात. सारंग आता कशालाच वा म्हणत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या हातचं माशाचं कालवण खाल्लं आणि मान खाली घालून उठला.

हे मी एकदा खाली बोलून गेलो, तर आमचा प्रबोध चार लोकांत मला म्हणाला, "बाबा, वेल्डिंगचा डाग आहे तो, पोरीला घाबरवू नका," आणि मला संजीवनीची माफी मागायला लावली. मागितली मी. मग हा गेला रंगाचा डबा घेऊन ते गेट रंगवायला. त्या पंजावर बोट ठेवलं, तेव्हा लिफ्टपाशी मी उभा होतो. बोट तोंडात घालून डबा तिथेच टाकून आला. पंजा अजून आहे, रंग त्यावर धरत नाही. माझ्याशी त्या दिवसापासून ह्या विषयावर एक शब्द नाही, माफी तर लांबच.

जा वर आता, आणि भेटला तर सांगा त्याला, म्हातारा सगळं बोलला म्हणून. प्रबोधला.