ठाव

कराडच्या स्टँडवर त्या दुपारी एका एसटीनं मागं येता येता दुसरीचा आरसा फोडला. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरले. पूर्वी अशा वेळी निम्मा स्टँड गोळा झाला असता. पण दोघांच्याही कानामागच्या पट्ट्या थरथरल्या, श्वास लांबले, आणि "जाऊ द्या दादा, काच तर आहे," असं म्हणत दोघं आपापल्या गाडीत जाऊन बसले. कुणी वळूनही पाहिलं नाही. 'समतोल' नावाची ही पट्टी आल्यापासून सगळीकडं हे असंच चाललं होतं.

डॉ. शाल्मली थोरातनं रिक्षात चढताना हे पाहिलं आणि तिला समाधान वाटलं. त्या पट्टीमागचं निम्मं गणित तिचं होतं.

तिचे वडील, अण्णा, जन्मभर एसटी चालवून आता घरच्या ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत. आई गेली तेव्हा त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं, बोलणं आटलं. एका डॉक्टरनं पाठ पाहिली, दुसऱ्यानं मनासाठी गोळ्या दिल्या, तिसऱ्यानं ध्यानाला बसवलं. जो तो आपला तुकडा दुरुस्त करून मोकळा झाला. शाल्मलीचं म्हणणं होतं की शरीर, मन आणि भान हे तुकडे नाहीतच. एकमेकांना बांधलेल्या दोऱ्या आहेत, एक ओढली की बाकीच्या हलतात. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या एका लांब नसेची बारीक फांदी कानापाशी येते. तिथं हलके स्पंद दिले की श्वास, नाडी आणि मनाची घालमेल एकदमच बदलतात. त्याला तिनं सकाळच्या तेलाच्या मालिशची आणि संध्याकाळच्या श्वास न्याहाळण्याची जोड दिली. तिचे पहिले रुग्ण अण्णाच. आज चार वर्षं ते शांत होते. वेळेवर झोपत, ताटातलं संपवत.

ती घरी पोचून चहा होतो न होतो तोच खालच्या रस्त्यानं वऱ्हाडाची गाडी गेली.

"अण्णा, नवरदेवाची गोष्ट सांगा ना," शाल्मली म्हणाली.

ही गोष्ट घरात प्रसिद्ध होती. अण्णांनी एकदा वऱ्हाडाची एसटी नवरदेवाला उंब्रजच्या स्टँडवर विसरून तशीच पुढं काढली होती. सांगताना 'नवरीचा मामा पुढं आला आणि म्हणाला' इथवर आले की त्यांना हसू फुटायचं. पोट धरून, डोळे पुसत ते हातानंच 'राहू दे' म्हणायचे.

"...नवरीचा मामा पुढं आला आणि म्हणाला, ड्रायव्हरसाहेब, आमचा माल कमी भरतोय." अण्णांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पट्टी थरथरली. "मग नवरदेव मागच्या गाडीनं आला. मुहूर्त थोडा चुकला. लग्न झालं."

शाल्मली त्यांच्याकडं बघत राहिली. या गोष्टीचा शेवट तिनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला होता.

"तुम्हाला हसू नाही आलं?"

"आलं की. येतं आणि बसतं खाली." अण्णांनी कप बाजूला ठेवला. "हे तुझं यंत्र करतं तरी काय गं नेमकं? चार वर्षं लावून हिंडतोय, कुणी विचारलं तर सांगता येत नाही."

"गाडी उभी असताना इंजिन कसं एका ठरावीक वेगानं फिरत राहतं?"

"आयडलिंग."

"तसंच. माणूस रागावला, घाबरला, काहीही झालं, तरी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर परत जिथं यायला हवं ती जागा. आम्ही तिला ठाव म्हणतो. पट्टी माणसाला परत परत ठावावर आणते."

"आणि ती जागा ठरवतं कोण? मेकॅनिक?"

"नाही, तेच तर!" शाल्मली खुलली. "प्रत्येकाचा ठाव वेगळा. बाहेरून मोजून कळत नाही. म्हणून आम्ही माणसालाच विचारतो, आता कसं वाटतंय? तो 'बरं आहे' म्हणाला की त्या क्षणाची नाडी, श्वास, सगळं पट्टी धरून ठेवते. तुमचा ठाव मीच घेतला, आठवतं?"

 अण्णा म्हणाले, "आठवतं की. पुण्याला आलो होतो तुझ्याकडं. गाडीत कंडक्टरनं विचारलं, किती? मी म्हणालो, दोन. त्यानं दोन तिकिटं फाडली. मग माझ्या ध्यानात आलं, शेजारी कुणी नाही." त्यांनी खिशावर हात ठेवला. "छातीवर नुसती धोंड होती त्या दिवशी."

"पण अण्णा, तुम्ही 'बरं आहे' म्हणालात!"

"मग काय म्हणणार? तुझे साहेब लोक उभे. माझी पोरगी पहिल्यांदा यंत्र लावतीय. वाईट आहे म्हणू?"

"मी खरं विचारत होते."

"अगं, कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणतात. ते काय उत्तर असतं व्हय? ते रामराम घातल्यासारखं."

शाल्मलीच्या आत्ता लक्षात आलं. म्हणजे पट्टीनं काहीच चुकवलं नव्हतं. तिनं ती धोंडच ठाव म्हणून धरून ठेवली होती. अण्णांचं दुःख जरा हलकं व्हायला लागलं, कधी गाण्यावर मान डोलली, कधी हसू वर आलं, की तिनं त्यांना इमानानं परत त्या एसटीत, त्या रिकाम्या जागेशेजारी आणून बसवलं होतं. आणि अण्णा एकटे नव्हते. मराठी मुलखात लाखो लोकांना हाच प्रश्न हसतमुखानं विचारला गेला होता आणि त्यांनी रीतीप्रमाणं तेच उत्तर दिलं होतं. त्यांतल्या किती जणांना खरंच बरं वाटत होतं?

ती उठली आणि तिनं अण्णांच्या कानामागची पट्टी काढून टाकली.

"परत सांगा. मामा पुढं आला..."

"आत्ताच तर सांगितली."

"सांगा ना अण्णा!"

त्यांनी सांगितली. मामापाशी आल्यावर गालावर तीच जुनी सुरकुती उमटली, खांदे हलले. आणि पट्टी नसतानाही श्वास लांबला, सुरकुती पुसली गेली. पाणी एकाच वाटेनं वाहत राहिलं की खडकालाही वाट पडते. नस शिकली होती. आता यंत्राचीही गरज उरली नव्हती. नवा ठाव घ्यायचा तर माणसाला खरं बरं वाटत असताना काही क्षण तिथं टिकावं लागतं. आणि अण्णांना तिथं टिकता येत नव्हतं.

"मी काय केलं हे, अण्णा..."

"तू काय केलंस? झोप लागते, जेवण जातं. उगीच जिवाला लावून घेऊ नको." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं बरं आहे ना?"

 शाल्मलीनं स्वतःचा ठाव सगळ्यांच्या आधी घेतला होता, आईचं तेरावं उरकून कामावर परतली त्या सकाळी. सहकाऱ्यानं विचारलं होतं, कसं वाटतंय? तिनं काय उत्तर दिलं होतं, ते तिला आता लख्ख आठवलं.

तिच्या कानामागच्या पट्टीत बारीक थरथर झाली. गळ्याशी आलेला हुंदका जागच्या जागी विरला. 

"बरं आहे," ती म्हणाली.

"मग झालं तर," असं म्हणून अण्णा चहाचे कप विसळायला आत गेले.